फडकं सोडून घेतलेला नमुना

समोरासमोरच्या दारांत आम्ही एकवीस वर्षं राहिलो, तरी त्या माणसाबद्दल मला खात्रीनं ठाऊक असलेलं सगळं एका पोस्टकार्डावर मावेल. ते हसताना कसे दिसत, हे आजही डोळ्यांसमोर आणता येत नाही. पुढे लिहिलं आहे त्यातलं निम्मं त्यांच्या भावजयीकडून ऐकलेलं आहे, आणि ती ते फिर्याद द्यावी तसं सांगायची. उरलेलं त्यांच्याकडून, ते तर कुठलीच गोष्ट सरळ सांगत नसत. माझा संबंध एवढाच, की अक्षर बरं म्हणून इमारतीच्या सभांचा वृत्तांत मी लिहीत असे, आणि त्या दोघांचीही दारं माझ्या दारातून दिसत.

इमारत त्यांना तोंडावर ‘नमुनेसाहेब’ म्हणे आणि पाठीमागे ‘बाटली’. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेसाठी त्यांनी तीस वर्षं नळांचे नमुने गोळा केले. खांद्याला बर्फाची पेटी, पेटीत निर्जंतुक केलेल्या काचेच्या बाटल्या, प्रत्येकीच्या बुचावर दोऱ्यानं बांधलेला तपकिरी कागद. कुणाच्याही दारात गेले की एकच वाक्य, “नळ कुठाय?” पुढचं सगळं मुक्यानं. नळाला काही बांधलेलं असेल तर सोडायचं. खिशातल्या साबणाच्या तुकड्यानं हात धुवायचे. चिमट्यात कापसाचा बोळा धरून स्पिरिटमध्ये बुडवायचा, पेटवायचा आणि नळाच्या तोंडाला चुर्र आवाज येईपर्यंत सगळीकडून आच द्यायची. मग घड्याळ लावून दोन मिनिटं पाणी सोडून द्यायचं. मग बाटली बुडाशी धरायची, बूच हातातच ठेवायचं, कुठे टेकवायचं नाही, आणि वर दोन बोटं जागा सोडून भरायची.

दोन मिनिटं पाणी वाहून जाताना पाहून घरातल्या बायका करवादायच्या. “अहो, बादली तरी लावू द्या खाली!”

“लावा. पण मधे मधे बोलू नका,” असं त्यांचं उत्तर असे.

एकदा एका घरात कुणी त्यांना प्यायला पाणी दिलं. यांनी पेला उजेडात धरला, एक डोळा मिटून आरपार पाहिलं आणि न पिता परत ठेवला. त्या घरानं पुन्हा त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. त्याचं त्यांना काही वाटल्याचं दिसलं नाही. माणसांशी त्यांचं कधी जमलंच नाही, पाण्याशी जमलं. आपल्या भागातल्या पाण्यानं कुणाला कधी काही झालं नाही, हे ते दुसरे लोक मुलांच्या नोकऱ्यांबद्दल बोलतात त्या सुरात बोलत.

निवृत्त झाल्यावरही त्यांनी एक नळ सोडला नाही. तो आमच्या आवारातला. आमच्या खोल्यांत गच्चीवरच्या टाकीचं पाणी येई, ते धुण्याभांड्याचं. पिण्याचं पाणी आवारातल्या एकाच नळाला, सकाळ-संध्याकाळ, थेट मोठ्या वाहिनीतून. नळ इतका खाली, की बादली तिरकी करून सरकवावी लागे. पाणी सुरू झालं की आधी गंजाचा आणि मातीचा गढूळ झोत येई, म्हणून नळाला फडकं बांधलेलं असे. त्याचं टोक शेपटासारखं खाली लोंबे आणि बादली नसली की ओल्या सिमेंटवर लोळे. पायावर पाणी घेणारे, मडकी विसळणारे, आवारातली कुत्री, सगळ्यांचा त्या फडक्याशी संबंध येई.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी नमुनेसाहेब फडकं सोडत, नमुना घेत, पुन्हा आपल्या हातानं फडकं बांधत आणि बाटली जुन्या कचेरीत पोचवत. नळाच्या वर भिंतीवर त्यांनी स्वतः रंगानं लिहिलं होतं: ‘पिण्याचे पाणी. तपासलेले.’ खाली खिळ्याला त्या महिन्याचा कागद. त्यावर नेहमी एकच शब्द: योग्य.

त्यांचा धाकटा भाऊ तळमजल्यावर, अगदी नळासमोरच्या खोलीत राहायचा. पंखे दुरुस्त करायचा. थोरल्याच्या वाट्याचं बोलणं आणि हसणं बहुधा त्यालाच मिळालं होतं. कामावरून आला की खोलीत जाण्याआधी नळाशी वाकायचा, फडक्याखाली ओंजळ धरून पोटभर पाणी प्यायचा आणि ओल्या तोंडानं वर हाक मारायचा, “दादा, तुझं पाणी गोड आहे रे आज!” थोरले वरून बघायचे, उत्तर द्यायचे नाहीत. पण खिडकीत मात्र त्या वेळेला हमखास असायचे.

तो काविळीनं गेला. तीन आठवडे इस्पितळात होता. नमुनेसाहेब रोज जाऊन खाटेच्या पायथ्याशी उभे राहत आणि औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं वाचत. तो गेल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी, जिन्यात सगळे जमलेले असताना, त्याची बायको त्यांच्यासमोर उभी राहिली.

“तुमचं पाणी पिऊन गेले ते, भाऊजी.”

अशा वेळी माणसानं खाली बघावं. ते वर आपल्या खोलीत गेले, कपाट उघडलं, आणि भाऊ आजारी पडला त्या महिन्याचा कागद आणून तिच्यापुढे धरला.

“माझ्या पाण्यात काही नव्हतं. वाच. योग्य लिहिलंय.”

तिनं कागद घेतला नाही. त्या दिवसापासून ती त्यांच्याशी बोलली नाही, आणि तेही तिच्याशी बोलले नाहीत. म्हणजे बोलत खूप होते, पण माझ्यामार्फत. मी नळावर असलो की पंचाईत व्हायची.

नवऱ्यामागे तिनं खोलीत पाळणाघर काढलं. वाढता वाढता अकरा मुलं झाली. आणि ती पाणी उकळायला लागली. सकाळी नळाचं पाणी आणायचं, थोडं निवळू द्यायचं, मग वेगळ्या स्वच्छ कापडातून गाळायचं. ते कापड ती रोज उकळून उन्हात वाळवायची आणि त्याला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. मग मोठं पातेलं चुलीवर. नुसते बुडबुडे दिसले की उतरवायचं नाही, खळखळून उकळी आल्यावर साठ आकडे मोजायचे. झाकणासकट खाली घ्यायचं आणि थंड होईपर्यंत झाकण उचलायचं नाही. गरम आहे म्हणून वरून गार पाणी ओतायचं नाही. प्यायचं भांडं चावीचं, खाली तोटी असलेलं, म्हणजे आत कुणाचा हात जायला नको. एका मुलाच्या आजीनं एकदा पेलाच बुडवला, तर सगळं भांडं तिनं मोरीत ओतलं आणि त्या आजीबाईंना म्हणाली, “पुढच्या वेळी पेला नव्हे, आंघोळच करा त्यात.” तोंडाची तिखट होती, हे खरं आहे.

तपासलेलं पाणी रोज तापवलं जातंय, हे वर राहणाऱ्याच्या जिव्हारी लागायचं. चुलीचा आवाज आला की खिडकीतून नमुनेसाहेब मला हाक मारत.

“अहो शेजारी, विचारा खाली, काय शिजतंय? पाणीच ना? मीठ घातलं का म्हणावं?”

ती दारातून वर न बघता म्हणे, “शेजारी, सांगा त्यांना, इथे मुलं जिवंत ठेवायचं काम चालतं. त्याला मीठ लागत नाही.”

“सांगा तिला, इंधन फुकट घालवायचं असेल तर खुशाल घालव. माझा कागद भिंतीवर आहे.”

“कागद पितात का म्हणावं ते?”

मी दोघांनाही काही सांगत नसे. बादली उचलून घरात येत असे. नऊ वर्षं असंच चाललं.

मग एका कडक उन्हाळ्यात पाळणाघरातल्या चार मुलांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. त्यातल्या एका मुलीला सलाईन लावावं लागलं. आठवड्याभरात तीन आयांनी मुलं काढून घेतली, आणि उरलेल्या दाराशी उभ्या राहून आत डोकावून बघायला लागल्या, जणू आत काहीतरी मेलेलं आहे. सेक्रेटरीला हेच हवं होतं. तो बरोबर तिच्या डोक्यावर राहायचा आणि दुपारची झोप हा त्याच्या आयुष्यातला एकमेव उद्योग होता. अकरा मुलांनी त्याचा तो बंद पाडला होता. त्यानं रविवारी सकाळी आवारात सभा बोलावली. मी वही घेऊन बसलो.

“विषय सरळ आहे,” सेक्रेटरी म्हणाला. “नळाचं पाणी तपासलेलं आहे. कागद समोर टांगलाय. सगळी इमारत तेच पिते, सगळी इमारत ठणठणीत आहे. म्हणजे घाण कुठे? हिच्या भांड्यात. पुढच्या रविवारपासून पाळणाघर बंद.”

“माझ्या भांड्यात घाण आहे असं कुणी सांगितलं?” ती उभी राहिली. “झाकण काढून बघितलंय का कुणी?”

“बघायची काय गरज? मुलं आजारी पडलीत ना.”

सलाईन लागलेल्या मुलीची आई तिथेच होती. ती भावजयीकडे असं बघत होती, की मी वहीत खाली मान घातली.

“बरं, तपासू या,” सेक्रेटरी म्हणाला. त्याला वाटलं असावं, आपण फार न्यायानं वागतोय. “नमुनेसाहेब आहेतच. घरचेच आहेत म्हणून सोडणार नाहीत. काय साहेब?”

नमुनेसाहेब भिंतीला टेकून उभे होते. “घेतो,” ते म्हणाले. एवढ्या तत्परतेनं त्यांना मी कधी काही कबूल करताना पाहिलं नव्हतं. “भांड्यात दोष असेल तर दोष म्हणेन. शेजारी, लिहा.”

“लिहा, शेजारी,” तीही म्हणाली. “आणि हेही लिहा, की एक नमुना नळाचा घ्यायचा. फडक्यासकट.”

नमुनेसाहेबांच्या नाकातून आवाज आला. “फडक्यासकट नमुना घेत नाहीत. सांगा तिला. आधी जे बांधलेलं असेल ते सोडायचं, तोंडाला आच द्यायची, दोन मिनिटं—”

“मुलं आच देऊन पितात का, विचारा! या बाया संध्याकाळी मुलांना न्यायला येतात, आणि जाताना बाटल्या या नळावर भरतात. घरी जाताना मुलं तेच पितात. मी दारातून ओरडते, इथलं भरू नका, माझ्याकडचं न्या. तर मला म्हणतात, बाई, भिंतीवर लिहिलंय ना.”

“म्हणजे आता नळावर ढकलणार?” सेक्रेटरी म्हणाला. दोघं-चौघं हसले. कुणीतरी मागून म्हणालं, “नवऱ्याच्या वेळीही तेच केलं होतं हिनं.”

तिच्या खोलीचं भाडं, तिचं जेवण, तिचं म्हातारपण, सगळं त्या अकरा मुलांवर उभं होतं आणि आता आठच उरली होती. ती आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. ठराव मी लिहिला: नमुना योग्य न निघाल्यास पाळणाघर बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी यायच्या वेळेला नमुनेसाहेब पेटी घेऊन खाली आले. साक्षीदार म्हणून सेक्रेटरीनं मला पाठवलं होतं. स्वतः झोपला होता.

नऊ वर्षांत ते त्या खोलीत पहिल्यांदाच गेले. ती कमरेवर हात ठेवून भिंतीशी उभी राहिली. त्यांनी झाकण उचलून आतल्या बाजूवरून बोट फिरवलं. पातेल्याच्या कडेचा सांधा वाकून बघितला. चावीच्या तोंडाला वास घेऊन पाहिला. गाळायचं कापड कुठे आहे, विचारलं, मला. तिनं दोरीकडे बोट दाखवलं. कापड कडक वाळलेलं होतं. ते शोधत होते. तीस वर्षांच्या सवयीनं आणि त्याहून जुन्या रागानं शोधत होते, आणि काही सापडत नव्हतं. दर क्षणाला त्यांचा चेहरा अधिक चिडका होत गेला.

“हिला हे कुणी शिकवलं?” त्यांनी मला विचारलं.

“सांगा त्यांना, इस्पितळात तीन आठवडे मी बसले होते. तिथली आया पाणी उकळायची. ते लेबलं वाचत होते तेव्हा.”

त्यांनी भांड्याचा नमुना घेतला, बुचावर कागद बांधला, लेबल लिहिलं आणि तडक नळाशी आले. कदाचित त्यांना नळाचा नेहमीचा, स्वच्छ नमुना घेऊन तिचं तोंड कायमचं बंद करायचं असेल. त्यांनी दोऱ्याची गाठ सोडली. गाठ त्यांचीच होती. फडकं हातात आलं. महिन्याभराचं ओलं, कडेला हिरवट, मध्ये बुळबुळीत. ते त्यांनी चौथऱ्यावर टाकलं आणि खिशातून साबणाचा तुकडा काढला.

ती दारात आली होती.

“हात धुवा,” ती म्हणाली.

मला वाटलं मलाच म्हणतेय. पण ती त्यांच्याकडे बघत होती.

“धुतोच आहे,” ते म्हणाले. त्यांच्याही लक्षात आलं नसावं, की आपण तिला उत्तर दिलं.

“दर महिन्याला धुता. मी बघते इथून. फडकं सोडलं की आधी हात धुता, मग नळाला शिवता. कशाला धुता हो, भाऊजी?”

“नियम आहे. हाताची घाण नमुन्यात जायला नको.”

“हाताला कुठून लागली?”

पाणी वाहत होतं. त्यांच्या तळहातावर साबणाचा फेस होता. मला माणसांचे चेहरे वाचता येत नाहीत, त्यामुळे त्यांच्या मनात काय आलं ते मी सांगू शकत नाही. मला दिसलं ते एवढंच, की त्यांनी हात नुसते फेसासकट धरून ठेवले, धुवायचे विसरल्यासारखे, आणि मग अर्धवट धुऊन शर्टाला पुसले. ज्या माणसानं तीस वर्षांत शर्टाला हात पुसला नाही, त्यानं.

“कधीपासून माहीत आहे तुम्हाला?” ती म्हणाली. “बोटांना तरी माहीत होतं ना?”

“गप्प बस,” ते म्हणाले.

मग त्यांनी फडकं उचललं आणि पुन्हा नळाला बांधलं. आच दिली नाही, दोन मिनिटं सोडली नाहीत. फडक्याखाली बाटली धरली आणि भरली. ती काठोकाठ भरली, वर जागा राहिली नाही. ती ओतून त्यांनी दुसरी घेतली. त्यानंतर फडकं सोडून, आच देऊन, घड्याळ लावून, तिसरी बाटली त्यांच्या नेहमीच्या पद्धतीनं भरली. तिन्ही बर्फात ठेवून ते उन्हातून चालत कचेरीत गेले. जाताना माझ्याकडेही बघितलं नाही.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी तिसऱ्या दिवशी कागद दिले तेव्हा विचारलं म्हणे, “साहेब, हा दोन नंबरचा कुठल्या गटारातून आणलात?” हे त्यांनीच मला सांगितलं, जिन्यात, चष्मा पुसत. त्यांच्या बाजूनं तो विनोद होता की काय, मला अजून कळलेलं नाही.

रविवारी सभा भरली. सेक्रेटरीनं कागद मागितले, तर त्यांनी दिले नाहीत. स्वतः वाचले.

“नमुना एक. पाळणाघरातलं पिण्याचं भांडं. योग्य.”

कुजबुज झाली.

“नमुना तीन. आवारातला नळ, फडकं सोडून. योग्य.”

“बघा!” सेक्रेटरी म्हणाला.

“नमुना दोन. तोच नळ, तीच वेळ, फडक्यासकट.” त्यांनी घसा साफ केला. “अयोग्य. पिऊ नये.”

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग सेक्रेटरी पुढे सरकला. “अहो साहेब, पण असा नमुना घेतच नाहीत ना? तुम्हीच गेल्या रविवारी म्हणालात. शेजाऱ्यांच्या वहीत आहे. नियमाबाहेरचा नमुना आम्ही धरणार नाही.”

“नियम वाहिनीच्या पाण्यासाठी आहे,” नमुनेसाहेब म्हणाले. “वाहिनीतलं पाणी चांगलं आहे. तुम्ही पिता ते चांगलं नाही. मी वाहिनी तपासत होतो.”

“किती वर्षं?”

“या नळाची? बारा.”

मग जो कल्ला झाला, तो मला वहीत लिहिता आला नाही. एकजण म्हणाला, बारा वर्षं आम्हाला उल्लू बनवलं. दुसरा म्हणाला, म्हातारपणी भावजयीला वाचवायला कागद फिरवला. कुणी म्हणालं, फडकं यांनीच बांधलं होतं, मी स्वतः बघितलंय. सलाईन लागलेल्या मुलीची आई गर्दीतून पुढे आली. ती ओरडली नाही.

“मी भिंतीवरचं वाचून बाटली भरायचे हो,” ती म्हणाली. “मला वाटायचं, एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय तर कुणीतरी बघितलं असेल.”

“बघितलं होतं,” ते म्हणाले. ती त्यांच्या पायाशी थुंकली आणि निघून गेली. त्यांनी पाय मागे घेतला नाही.

पाळणाघर बंद करायचा ठराव रद्द झाला. सेक्रेटरीनं तो इतक्या हळू आवाजात रद्द केला, की मला दोनदा विचारावं लागलं. लोक पांगले. ती मात्र तिथेच उभी होती. मला वाटलं, आता ती आभार मानेल, निदान नऊ वर्षांचं काही सैल होईल. माणसं ओळखण्यात मी नेहमीच कच्चा.

“त्या वेळचा कागद,” ती म्हणाली. “माझ्यासमोर धरलात तो. फडकं सोडून घेतलेल्या नमुन्याचा ना?”

“हो.”

“मग फाडा तो.”

“नाही फाडणार.”

“फाडा, भाऊजी.”

“त्यात लिहिलंय ते खरं आहे. पुरतं नाही, पण खोटं नाही. तो कशानं गेला, मला ठाऊक नाही. तुलाही नाही.”

“मला आहे,” ती म्हणाली. “आणि उपकार केलेत असं समजू नका. माझं भांडं स्वच्छ होतं म्हणून माझं पाळणाघर राहिलं. तुमच्या कागदामुळे नाही.”

“मी कुठे म्हटलं?”

“चेहऱ्यावर होतं.”

तिनं दार लावून घेतलं. सोडून गेलेल्या तीन मुलांपैकी दोन पंधरा दिवसांत परत आली. तिसरीच्या आईनं येता-जाता आवाराकडे बघणंही सोडलं. ती कोणती आई, हे सांगायला नको.

नमुनेसाहेबांनी त्याच दुपारी भिंतीवरचं लिखाण पुसायला घेतलं. रंग चांगला होता, निघेना. शेवटी त्यांनी त्यावर चुन्याचे तीन हात मारले. फडकं काढून जाळलं. पण दुसऱ्या सकाळी नळाला गढूळ झोत आला तशी बायकांनी दुसरं फडकं बांधलं. त्यांनी ते कात्रीनं कापलं. संध्याकाळी तिसरं आलं. ते प्रत्येकीच्या दारात जाऊन सांगू लागले, “पहिली बादली धुण्याला घ्या. मग भरा, निवळू द्या, वाळलेल्या कापडातून घरी गाळा, आणि खळखळ उकळा.” सांगण्याची रीत तीच, वसुलीला आल्यासारखी. बायका म्हणायच्या, “कालपर्यंत तर योग्य होतं ना?” आणि दार लावायच्या. ‘बाटली’ जाऊन आता त्यांना ‘फडकंचोर’ म्हणू लागले. कुणीतरी त्यांच्या दाराच्या कडीला ओलं फडकं बांधून ठेवायचं. ते सोडायचे आणि हात धुवायचे.

त्यांच्या खोलीत मात्र चूल पेटू लागली. त्यांना उकळायला येत नव्हतं. तीस वर्षं पाणी तपासलेल्या माणसाला पातेल्यातल्या पाण्याचं काय करायचं ते कळत नव्हतं. बुडबुडे आले की उतरवायचे. खालून तिचा आवाज यायचा, आता थेट, माझ्यामार्फत नाही.

“उतरवलं वाटतं एवढ्यात! ते नुसतं गरम पाणी झालं, उकळलेलं नव्हे. साठ मोजा, साठ!”

“मला शिकवू नकोस!”

“कुणीतरी आधीच शिकवायला हवं होतं!”

खिडकी धाडकन बंद व्हायची. पण पातेलं पुन्हा चुलीवर जायचं, ते मला माझ्या दारातून दिसायचं. त्यांचे ओठ मोजताना हलायचे.

असं दीड वर्ष गेलं. दोघांमध्ये एकही गोड शब्द मी ऐकला नाही, आणि ऐकला असता तर मीच दचकलो असतो. मग त्यांना दम लागू लागला आणि त्यांची सासरी राहणारी मुलगी येऊन त्यांना आपल्या गावी घेऊन गेली. तिथेच महिन्याभरात ते गेले. बातमी आली तेव्हा भावजय आवारात पाणी भरत होती. तिनं ऐकलं, भांडं भरेपर्यंत थांबली, आणि म्हणाली, “तिथे कुणी उकळून देत होतं का, काय माहीत.” आणि आत गेली. यात राग होता की आणखी काही, ते मला विचारू नका.

मुलगी न्यायला यायच्या आदल्या सकाळी मी बाजारात निघालो होतो. नमुनेसाहेब दारात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी मला थांबवलं आणि हातात दोऱ्याचा एक तुकडा दिला, दोन्ही टोकांना गाठ मारलेला.

“या मापाचं झाकण बघा,” ते म्हणाले. “पातेल्याचं. घट्ट बसणारं नको, वाफ जायला हवी.”

“ॲल्युमिनियमचं चालेल का?”

“चालेल. पण मूठ लाकडी बघा. मागच्या वेळी मी हात भाजून घेतला.”

“बघतो. आणखी काही आणू?”

“नको. दोरा हरवू नका म्हणजे झालं. तुमचा भरवसा नाही.”

“नाही हरवत,” मी म्हणालो.

“बघू,” ते म्हणाले.